तापलेले घर, गार नळ

खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर हात टेकवता येणार नाही इतका तो तापलेला असावा आणि त्याच वेळी न्हाणीघरातल्या गरम पाण्याच्या नळाला गार पाणी यावे, ही अवस्था प्रथमदर्शनी बुचकळ्यात टाकते. बॉयलर एक, गॅसची नळी एक, ज्योतही एकच; तरीही अर्धे काम सुरळीत आणि अर्धे ठप्प. भिंतीवर बसवलेला आमचा जुना बॉयलर या अवस्थेला आला, तेव्हा निदान करायला कोणालाच वेळ लागला नाही. ‘वय झाले त्याचे’, एवढे म्हणून घरचे मोकळे झाले. ज्या तंत्रज्ञांशी फोनवर पहिले बोलणे झाले, त्यांनीही लक्षणे विचारण्याआधी बॉयलर किती वर्षांचा आहे ते विचारले आणि उत्तर ऐकताच नवा बसवण्याचा सल्ला दिला.

तो सल्ला मला तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही. वयोमानाने रबर कडक होते, स्प्रिंग सैल पडते, नळ्यांत गाळ साचतो, हे सगळे खरे आहे. परंतु कोणतेही यंत्र नुसत्या वयाने बंद पडत नाही. त्यातला एखादा ठरावीक भाग दगा देतो म्हणून ते बंद पडते. तो भाग कोणता हे कळत नाही, तोपर्यंत दुरुस्ती करावी की यंत्र बदलावे, या प्रश्नाला अर्थच नसतो. आणि अर्धे काम चालू असलेला बॉयलर तर तो भाग शोधायला मोठीच मदत करत असतो. खोल्या तापत आहेत, याचा अर्थ गॅस येतो आहे, पंखा फिरतो आहे, ठिणगी पडते आहे, ज्योत पेटल्याची खूण नियंत्रक फळीला मिळते आहे, पंप पाणी फिरवतो आहे आणि ज्योतीवरचा मुख्य हीट एक्स्चेंजर उष्णता घेऊन पुढे देतो आहे. बॉयलरमधले सर्वांत महागडे आणि सर्वांत धोक्याचे असे जवळजवळ सगळे भाग या एका निरीक्षणाने संशयातून सुटतात. उरतात ते फक्त नळाच्या पाण्यासाठीच असलेले मोजके भाग. शोध तेथेच घ्यायचा.

हे भाग कोणते, ते समजण्यासाठी आत काय चालते ते थोडक्यात सांगायला हवे. खोल्या तापवणे आणि नळाचे पाणी तापवणे अशी दोन्ही कामे करणाऱ्या बॉयलरमध्ये दोन पाणी असतात आणि ती एकमेकांत कधीही मिसळत नाहीत. रेडिएटरमधले पाणी बंदिस्त असते. तेच पाणी वर्षानुवर्षे त्याच नळ्यांतून फिरत राहते. नळाचे पाणी दर वेळी नवे येते आणि तापून लगेच बाहेर पडते. ज्योत फक्त पहिल्या, बंदिस्त पाण्याला तापवते. तुम्ही गरम पाण्याचा नळ उघडला की बॉयलर काही वेळ खोल्यांकडे पाठ फिरवतो: तीन तोंडांचा एक व्हॉल्व्ह, ज्याला डायव्हर्टर म्हणतात, रूळ बदलणाऱ्या सांध्यासारखा सरकतो आणि रेडिएटरकडे जाणारे तापलेले पाणी बॉयलरच्याच पोटातल्या एका छोट्या पेटीकडे वळवतो. ही पेटी म्हणजे प्लेट हीट एक्स्चेंजर. स्टेनलेस स्टीलचे नागमोडी नक्षीचे पातळ पत्रे एकावर एक रचून तांब्याने झाळलेले असतात आणि त्यांच्या फटींतून एकाआड एक अशी दोन पाणी वाहतात: एका फटीतून बंदिस्त गरम पाणी, शेजारच्या फटीतून नळाचे गार पाणी. मिलिमीटरहूनही पातळ पत्र्यातून उष्णता पलीकडे जाते. पत्र्यांची ही कल्पना रिचर्ड सेलिगमन यांनी १९२३ मध्ये दुधाच्या पाश्चरीकरणासाठी प्रत्यक्षात आणली, आणि हातात मावणाऱ्या पेटीत मोठा पृष्ठभाग सामावण्याची तिची हातोटी इतकी उपयोगी ठरली की तीच आज असंख्य घरांतल्या भिंतींवर काम करते आहे.

पेटी लहान असली तरी तिच्यातून जाणारी उष्णता लहान नसते. २४ किलोवॉटचा बॉयलर पूर्ण शक्तीने चालला, तर १५ अंशांचे पाणी ५० अंशांवर नेताना मिनिटाला साधारण दहा लिटरांपेक्षा किंचित कमी पाणी देऊ शकतो. त्याहून जास्त पाणी मागाल तर ते कोमट मिळेल, आणि त्यात बॉयलरचा काही दोष नाही. थंडीच्या दिवसांत आत येणारे पाणीच पाच अंशांचे असते, तेव्हा तेवढ्याच धारेला दहा अंशांची तूट पडते. म्हणून ‘पाणी पूर्वीसारखे तापत नाही’ अशी तक्रार असेल, तर मापाचे भांडे आणि घड्याळ घेऊन धार मोजावी, नळ थोडा बारीक करून पाहावा आणि मगच बॉयलरला बोल लावावा. आमच्याकडे मात्र नळ कितीही बारीक केला तरी पाणी जेमतेम कोमट होत होते.

पुढची परीक्षा आवरण न उघडता करायची असते, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची परीक्षा हीच. सगळी उष्णता बंद करून बॉयलर निवू द्यावा, मग एकाने गरम पाण्याचा नळ उघडावा आणि दुसऱ्याने बॉयलरपाशी उभे राहून ऐकावे. आधी पंख्याची घरघर, मग ठिणगीची टकटक, मग ज्योत पेटल्याचा मऊ आवाज, असा क्रम असतो. हा क्रम सुरूच होत नाही, सुरू होऊन लगेच तुटतो, की शेवटपर्यंत चालतो आणि तरीही पाणी गार राहते, या तीन उत्तरांवरून शोधाची दिशा ठरते. दाबाचा काटाही त्याच वेळी पाहून घ्यावा. बंदिस्त पाण्याचा दाब थंड स्थितीत साधारण १ ते १.५ बार असावा लागतो. तो फार उतरला असेल तर बॉयलर खोल्याही तापवत नाही, म्हणून आमच्या लक्षणांत त्याला फारसे स्थान नव्हते.

नळ उघडूनही बॉयलर ढिम्म राहत असेल, तर नळ उघडला गेला आहे ही बातमीच त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते. ही बातमी देणारा फ्लो सेन्सर गार पाण्याच्या वाटेवर बसलेला असतो. त्यात बोटाच्या पेराएवढे एक चक्र असते. पाणी वाहिले की ते फिरते, त्यावरचा चुंबक सेन्सरसमोरून जातो आणि दर फेरीला एक विद्युत ठोका नियंत्रक फळीकडे पोहोचतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये चुंबकीय क्षेत्रातल्या विद्युतवाहकाविषयी जो शोध लावला, त्याच्याच आधारावर हे ठोके मोजले जातात. धार मिनिटाला दोन-अडीच लिटरांहून कमी असेल तर बहुतेक बॉयलर मुद्दामच पेटत नाहीत, कारण एवढ्या कमी पाण्यात उष्णता ओतली तर ते उकळेल. आता या चक्राआधी एक बारीक जाळी असते. नळदुरुस्तीनंतर वाहून आलेला गंज किंवा वाळूचे कण त्या जाळीत अडकले की धार मंदावते, चक्र पुरेसे फिरत नाही आणि निरोगी बॉयलर मुका बसतो. जाळी स्वच्छ करणे हे तंत्रज्ञासाठी काही मिनिटांचे काम आहे. एवढ्यासाठी आख्खा बॉयलर उतरवण्याची भाषा कोणी करू नये.

तापमान सांगणाऱ्या सेन्सरचे दुखणे निराळे. हा थर्मिस्टर तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो. सिल्व्हर सल्फाइडमधला असाच गुण मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये नोंदवला होता. पुष्कळ बॉयलरांतल्या थर्मिस्टरचा रोध २५ अंशांना १० हजार ओहम असतो आणि ५० अंशांना तो साडेतीन ते सव्वाचार हजारांपर्यंत उतरतो. म्हणजे सेन्सर बिघडला आहे की नाही यावर वाद घालायचे कारण नाही. तो मोजता येतो. त्याचा रोध विनाकारण उतरला असेल, तर गार पाणीही बॉयलरला गरम भासते आणि तो ज्योत आवरती घेतो. भाग स्वस्त, तपासणी सोपी, आणि तरीही अनेकदा हा भाग न मोजताच बदलला जातो किंवा न मोजताच सोडून दिला जातो.

बॉयलर पेटतो, नळाला क्षणभर गरम पाणी येते, मग ज्योत विझते, पाणी गार होते, पुन्हा ज्योत पेटते, असे चक्र चालत असेल तर संशय प्लेट हीट एक्स्चेंजरवर घ्यावा. कठीण पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की फुटते. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट राहते, जे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बहुतेक क्षार गरम पाण्यात अधिक विरघळतात, हा मात्र उलट वागतो: पाणी जितके गरम, तितका तो अधिक वेगाने पत्र्याला चिकटतो. साहजिकच थर बसतो तो नेमका सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे जेथे उष्णता पलीकडे जायला हवी तेथेच. मग ज्योतीची उष्णता बंदिस्त पाण्यातच अडकते, ते पाणी भराभर तापते, मर्यादा गाठते आणि बॉयलर स्वतःच्या रक्षणासाठी ज्योत विझवतो. नळापाशी उभ्या असलेल्या माणसाला तो लहरी वाटतो. खरे तर तो अतिशय शिस्तीने वागत असतो. पत्र्यांच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक शत्रू असतो. रेडिएटरच्या आतल्या लोखंडाचा हळूहळू होणारा क्षय मॅग्नेटाइटचा काळा गाळ बनून बंदिस्त पाण्याबरोबर फिरतो आणि अरुंद फटींत मुरतो. त्यामुळे एकच पेटी एका बाजूने पांढरी आणि दुसऱ्या बाजूने काळी होऊन चोंदते.

आमचा बॉयलर यांपैकी कशातच बसत नव्हता. नळ उघडला की तो ठरल्या क्रमाने पेटत होता, विझतही नव्हता, चांगला घुमत राहत होता आणि नळाला कोमट पाणी येत होते. एवढी उष्णता तयार होते आहे तर जाते कोठे, हाच प्रश्न उरला. बॉयलरच्या खाली नळ्यांची रांग असते. खोल्या तापवणे बंद ठेवून, नळ चालू असताना, त्यांतल्या रेडिएटरकडे जाणाऱ्या नळीला बोटाने हळूच स्पर्श करून पाहावे. बेताने, कारण ती चटका देण्याइतकी तापू शकते. ती गार राहायला हवी होती. आमची काही वेळातच तापली, आणि थोड्या वेळाने जवळच्या खोलीतला रेडिएटरही वरच्या कडेला ऊबदार लागू लागला. नळ पाणी मागत होता आणि उष्णता निघाली होती खोल्यांकडे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, याचे इतके शब्दशः उदाहरण क्वचितच सापडेल. डायव्हर्टर अर्ध्या वाटेत अडकला होता.

तरीही आणखी एक परीक्षा बाकी होती आणि ती टाळून चालत नाही, कारण तिच्यात बॉयलर पूर्ण निर्दोष सुटण्याची शक्यता असते. घरात कोठेतरी गरम आणि गार पाणी मिसळणारा नळ किंवा शॉवर असतो. त्याच्या आतला, पाण्याला उलटे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह निकामी झाला तर गार पाणी त्यातून मागच्या मागे गरम पाण्याच्या नळीत शिरते आणि भलत्याच नळाला कोमट पाणी येऊ लागते. बॉयलर आपले काम चोख करत असतो, आणि आपण मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी देत असतो. हे ओळखण्याची रीत फार सुरेख आहे. बॉयलरखाली गार पाणी आत नेणाऱ्या नळीवरची चावी बंद करावी आणि गरम पाण्याचा नळ उघडावा. नळीत उरलेले पाणी येऊन धार थांबली पाहिजे, कारण गरम पाण्याला यायला दुसरी वाटच नाही. धार वाहतच राहिली, तर पाणी चोरवाटेने येते आहे हे निश्चित समजावे आणि बॉयलरऐवजी न्हाणीघरातला शॉवर उघडायला घ्यावा. आमच्याकडे धार थोडी टपकून थांबली. डायव्हर्टरवरचा संशय पक्का झाला.

माझे काम येथे संपत होते. आवरण काढणे हे घरमालकाचे काम नाही, आणि हे मी भीतीपोटी म्हणत नाही. अनेक जुन्या बॉयलरांत पुढचे आवरण हाच ज्वलनकक्ष बंदिस्त ठेवणारा भाग असतो. त्याची रबरी कड नीट बसली नाही तर धूर घरात येऊ शकतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. गॅसचा वास आला, ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, बॉयलरभोवती काजळी धरली किंवा घरातल्यांना कारण नसताना डोकेदुखी आणि मळमळ होऊ लागली, तर तपास वगैरे सोडून बॉयलर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि मग मदत बोलवावी. गॅसवर काम करण्याचा परवाना असलेला माणूस बोलावण्यात कमीपणा कसला? आपण फक्त त्याच्या हाती नीट टिपलेली लक्षणे द्यायची.

दुसरे तंत्रज्ञ आले ते आधी माझे बोलणे पूर्ण ऐकून घेणारे निघाले. ‘नळ चालू असताना रेडिएटरची नळी तापते, हे तुम्ही स्वतः हात लावून पाहिलेत ना?’ एवढेच त्यांनी विचारले, आणि मी हो म्हटल्यावर ते थेट डायव्हर्टरकडे वळले. त्यांनी आधी वरची मोटर क्लिप सरकवून बाजूला काढली. खाली पितळेच्या खाचेतून काडीएवढी एक दांडी डोके वर काढून होती. अंगठ्याने दाबली की ती आत जाऊन स्प्रिंगच्या जोराने परत उसळायला हवी. ती आत गेली आणि मध्यावरच राहिली. बंदिस्त पाणी बादलीत काढून घेतल्यावर त्यांनी आतला गाभा उपसला. दांडीभोवतीचे रबरी कडे नखाने दाबले तरी दबत नव्हते, त्याच्या एका बाजूला बारीक चीर होती आणि दांडीवर काळ्या गाळाचा चिकट लेप बसला होता. त्यांनी तो बोटाने पुसला आणि बोटाजवळ खिशातला छोटा चुंबक धरला. लेपातले कण काट्यांसारखे उभे राहिले. त्या एका कृतीने मला रेडिएटर, गाळ आणि गार नळ यांतला संबंध दिसला. रेडिएटरच्या आत झिजणारे लोखंड वर्षानुवर्षे फिरत येऊन या दांडीशी बसले होते.

पाणी काढलेलेच होते म्हणून मी प्लेट हीट एक्स्चेंजरही पाहण्याची विनंती केली. त्यांनी पेटी सोडवून नळाच्या पाण्याच्या बाजूने क्षार विरघळवणारे आम्ल भरले, आणि तोंडाशी फेस फसफसून वर आला. थरातला कार्बन डायऑक्साइडच तो. फेस बसला की ओतायचे, पुन्हा भरायचे, असे फेस येईनासा होईपर्यंत चालले. बिघाड या पेटीत नव्हता, पण पुढचा बिघाड तेथेच आकाराला येत होता, आणि एकदा पाणी काढले की दोन्ही कामे एकत्र उरकणे केव्हाही शहाणपणाचे. नवा गाभा बसवल्यावर, दाब भरून आणि हवा काढून, नळ उघडला तेव्हा थर्मामीटरचा पारा ठरवलेल्या ५० अंशांशी येऊन थांबला आणि रेडिएटरची नळी गार राहिली.

जुने यंत्र शेवटपर्यंत रेटत राहावे, असे माझे म्हणणे नाही. मुख्य हीट एक्स्चेंजरला तडा गेला, ज्वलन नीट होत नाही असे मोजणीत आढळले किंवा लागणारे सुटे भाग मिळेनासे झाले, तर बॉयलर बदलावाच. नव्या बॉयलरच्या बाजूने आणखी एक प्रामाणिक मुद्दा आहे. नैसर्गिक वायूच्या धुरातली वाफ साधारण ५५ अंशांखाली पाणी होऊ लागते आणि होताना बरीच उष्णता सोडते. ती पकडणारे बॉयलर तेवढाच गॅस जाळून अधिक ऊब देतात. आमचा जुना बॉयलर ती उष्णता धुराबरोबर बाहेर सोडतो. हे कारण देऊन कोणी बदलीचा सल्ला दिला असता, तर मी तो शांतपणे तोलला असता. अडकलेल्या दांडीपायी चांगली ज्योत, चांगला पंप आणि चांगली नियंत्रक फळी भंगारात काढायला मात्र माझी तयारी नव्हती.

आता करायचे ते त्या काळ्या लेपाचे. गाभा नवा असला तरी फिरणारे पाणी तेच आहे आणि त्यातला गाळही तोच, म्हणून तो काढल्याशिवाय दुरुस्ती पुरी झाली असे मी मानत नाही. बंदिस्त पाणी धुऊन काढायचे, गंज रोखणारे द्रावण त्यात घालायचे आणि परतीच्या नळीवर चुंबकाची गाळणी बसवायची, असे त्या तंत्रज्ञांशी ठरले आहे. नळाच्या पाण्याचे तापमान ५० अंशांवरच ठेवले आहे. ६० च्या पुढे थर भराभर धरतो आणि आमच्या बॉयलरमध्ये पाणी साठून राहत नसल्याने त्याहून अधिक तापवण्याचे कारण नाही. ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी आहे त्यांनी हा आकडा उचलू नये, कारण साठवलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढतात आणि म्हणून टाकीतले पाणी ६० अंशांवरच ठेवावे लागते. गाळणी थंडी सुरू होण्याआधी बसेल. नंतर दर वर्षीच्या तपासणीत ती उघडून चुंबकावर किती काळे जमले ते पाहायचे आणि मोटर काढून दांडी अंगठ्याने एकदा दाबून घ्यायची.